खंड

आमच्याकडं खंड म्हणजे पावसाचा.
सतरा दिवसांचा, तेवीसचा,
एका साली तर पोळा कोरडाच गेला.
नाहीतर खंडानं केलेली जमीन,
पाडव्याला ठरवायची, तोंडी.
पाहुण्यांच्या कागदावर तिसराच खंड निघाला:
अख्खा, समुद्रानं वेढलेला,
अकरा देशांच्या मोहरा खाली
आणि वर ठळक अक्षरात
विज्ञान धोरण, मसुदा चौथा.

परभणीच्या ज्वारी केंद्रावर पडदा लावला.
साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
तस्नीम मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं.
कुणी हसलं नाही.
मग पडद्यावर बाण आले, खालून वर जाणारे.
उत्पादन दुप्पट, तिप्पट.
मी मागं उभा, प्रोजेक्टरची वायर दाबून धरलेली,
कारण हात काढला की
अख्खा खंड अंधारात जायचा.

वर्कनेशबाई दुसऱ्या चहालाच उठल्या.
शेत कुठंय?

ब्लॉक नंबर सात. भाद्रपदाचं ऊन.
चपला बांधावर काढून त्या काळ्या रानात उतरल्या
आणि चार ताटं ओलांडून एकदम वाकल्या.
बुडाशी टारफुला होता,
इवलं पांढरं फूल, कुणाला वाटावं देवाला वाहावं.
खाली मात्र ज्वारीच्या मुळाला तोंड लावून बसलेला.
त्यांनी त्यांच्या भाषेतलं नाव सांगितलं,
माझ्या जिभेला ते धरता आलं नाही.
मॅडम म्हणाल्या, यांच्याकडं जांभळा असतो.
लांबून रान नटल्यासारखं दिसतं
आणि यांची आई तिकडं पाठ करून चालायची.

ज्वारीही तिकडचीच म्हणे, फार फार मागं आलेली.
म्हणजे एवढी वर्षं मी
एका सासुरवाशिणीची उंची मोजत होतो
आणि आज तिच्या माहेरचं माणूस दारात.

वह्या बघायच्या म्हणाल्या.
कपाटाची किल्ली कधीचीच हरवलेली,
स्क्रूड्रायव्हरनं उघडलं.
एकतीस वह्या.
ओळ, ताट, कणीस, चौरस मीटरला टारफुला किती.
वेळ सकाळी सात.
वडील वारले त्या दिवशीची नोंद दुपारी तीनची,
शेजारी लिहिलंय: उशीर, माफी.

कोण वाचतं या?
हे मराठीत आणायला मॅडमना जरा वेळ लागला.
कसर वाचते, मी म्हणालो.
वर्कनेशबाई तेव्हाही हसल्या नाहीत.
मसुद्याच्या कडेला पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या.
नोंद घेणाऱ्याचं पद कायम असावं.
नोंदीत खंड पडू नये.

दीड वर्षानं धोरण मंजूर होऊन आलं.
एकशे बारा पानं, मॅडमनी प्रिंट काढली,
जेवणाच्या सुट्टीत दोघांनी शोधलं.
पद नव्हतं. पगार नव्हता.
पान त्र्याण्णव, तळटीप, मुंगीएवढी अक्षरं:
दीर्घ निरीक्षणांचं सातत्य शक्यतो राखावं.

शक्यतो.
याला मी ओळखतो.
कचेरीत खिडकीशी बसलेला असतो,
चष्मा कपाळावर, पान तोंडात.

पण मॅडम म्हणाल्या, लिंबाजीमामा,
तळटीप असली तरी खाली अकरा सह्या आहेत.
अकरा ठिकाणी कुणीतरी मळकट वही घेऊन
साहेबासमोर उभं राहील,
त्या मुंगीएवढ्या ओळीवर बोट ठेवील.
ठेवीलही. मला काय माहीत.

मी जूनअखेर सुटलो. जागा अजून रिकामीच.
गेटवरचा शेख मला अडवत नाही.
वही चौतिसावी, चाळीस रुपयांची, माझ्या पैशाची.
ब्लॉक सात.
पावसाचा खंड, एकोणिसावा दिवस.
टारफुला चौरस मीटरला नऊ.
सकाळी सात वाजून दहा मिनिटं.
उशीर, माफी.